बोर्डावरचा छोटा पंखा

कॉम्प्युटरच्या डब्यात मोठे पंखे असतात, ते सगळ्यांना ठाऊक असतात. आमच्या डब्यात त्याशिवाय एक छोटा पंखा होता, थेट मदरबोर्डावर बसवलेला, साध्या बिस्किटाएवढा. त्याच्याखाली एक चिप होती आणि ती तापू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. आवाज मात्र घरभर. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना जसा बारीक किर्रर्र आवाज येतो तसा, फक्त ही बॉबिन कधी भरायचीच नाही. मी मिस्टरांना म्हणायचे, या घरात एक तर हा राहील नाही तर मी. ते म्हणायचे, तू राहा, त्याले कुठं पाय हायेत जायले. मी चिडायचे आणि ते हसत बसायचे. हे लिहिताना मला काही तरी वाटायला पाहिजे, पण खरं सांगते, फारसं वाटत नाही.

नेरला बसस्टँडकडून जिनिंगकडे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याच्यावर कारखान्यासमोरच आमचं घर. रस्त्याच्या बाजूची खोली म्हणजे दुकान. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, अर्ज, बायोडाटा, जे येईल ते आम्ही कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचो आणि छपाई शेजारच्या प्रेसमध्ये व्हायची. टायपिंग माझं. लग्नाआधीच मी परीक्षा पास झालेली. मशीन मिस्टरांचं. डबा उघडणं, वायरी काढणं-लावणं, त्यात मी कधी बोट घातलं नाही. त्यांनी ते मशीन सुटे भाग आणून स्वतः जोडलं होतं, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगितल्याशिवाय त्यांना करमायचं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्याकडे शेत नाही. आम्हाला ते समोरच्या जिनिंगवरून कळायचं आणि टेबलावर येणाऱ्या कामावरून. जिनिंग पूर्वी हंगामभर धडधडायची, त्या वर्षांत ती निम्मे दिवस मुकी उभी असायची. लग्नं पुढे ढकलली जायची. ज्यांची व्हायची ती सामूहिक विवाहात, म्हणजे एकाच पत्रिकेवर सगळ्या जोडप्यांची नावं. तेरवीची कार्डं वाढली, आमच्या बौद्ध समाजात तेरवीऐवजी जलदान विधी असतो, त्याची कार्डंही वाढली. फोटो यायचे ते तरण्या माणसांचे, बहुतेक कुणाच्या तरी लग्नातून कापून आणलेले, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. तो हात काढायचा, मागे निळा रंग भरायचा, कडेला फुलांची चौकट. पहिल्यांदा मला जेवण जायचं नाही. मग चेहऱ्याकडे न बघता फोटो कापायची सवय झाली. कामच आहे म्हटल्यावर किती दिवस उपाशी राहणार.

दिवाळीच्या तोंडावर मिस्टर बोरी अरबला पत्रिका पोचवायला मोटारसायकलनं गेले आणि येताना ट्रकनं उडवलं. जागच्या जागी. यापेक्षा जास्त मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्यांच्या जलदान विधीचं कार्ड मीच जुळवलं. दुसरं कोण जुळवणार होतं? त्यांचा फोटो होता एका लग्नातला, खांद्यावर माझा हात. तो मी काढला, मागे निळा रंग भरला. पंखा किर्रर्र करतच होता. दारात बायका उभ्या होत्या, एकमेकींना सांगत होत्या, रडू द्या तिले, मोकळं होऊ द्या. मी त्यांना म्हटलं, तारीख बरोबर पडली का बघा जरा. तेव्हापासून मी कठोर काळजाची आहे असं आमच्या गल्लीत ठरलं. ठरू दे.

घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच उरलो. मामाजी आयुष्यभर समोरच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायचे. दुपारी जेवून ते काठी टेकत घराला वळसा घालून पुढे यायचे आणि दुकानाच्या पायरीवर बसायचे. आत कधी नाही यायचे. बसले की विचारायचे, "चालू हाय ना?" मी आतून म्हणायचे, "हो मामाजी, चालू हाय." ऐकू तर त्यांनाही येत असायचं, मग विचारायचं कशाला, असं मनात यायचं. पण विचारायचे रोज.

दिवस झाल्यावर पंधरवड्यात त्यांनी विषय काढला. चौकातल्या एका बी-बियाणं आणि औषधांच्या दुकानदाराला आमची खोली गोदामासाठी पाहिजे होती. त्या वर्षांत लग्नं कमी झाली तरी बियाणांची पाकिटं आणि फवारणीची औषधं जोरात होती, जागा पुरत नव्हती त्याला.

"मृग लागेपर्यंत पाह्य," मामाजी म्हणाले. "मशीनचं तुले समजत नाही. जमलं तं ठीक, नाही तं खोली त्याले देऊन टाकू. तुलेही कायले ताप."

मी "बरं" म्हटलं. पण खोली गेली तर मी मागच्या दोन खोल्यांत भाकऱ्या थापत बसणार, आणि ते काही मी करणार नव्हते, एवढं मला त्या सुन्नपणातही पक्कं माहीत होतं. दुसरं काहीच नीट माहीत नव्हतं. हे एकच होतं, म्हणून मी ते धरून बसले.

हिवाळा कसा तरी गेला. उन्हाळा लागला आणि त्या पंख्यानं डोकं वर काढलं. भारनियमन होतं, लाइट जायची ती तासन्‌तास, आणि आल्यावर मशीन चालू केलं की छोटा पंखा फिरायलाच तयार नाही. नुसता थरथरायचा. पंखा फिरला नाही की चिप तापायची आणि थोड्या वेळानं पडदा जागच्या जागी गोठायचा, टाइप केलेलं सगळं पाण्यात. मग मी डब्याची बाजू उघडून ठेवली आणि खराट्याची एक काडी टेबलावर. लाइट आली की काडीनं पंख्याला धक्का द्यायचा. गिऱ्हाईक बघत राहायचं. एक बाई म्हणाली, चुलीतलं सरपण सारून राह्यली काय वं. मी म्हटलं, तसंच समजा.

मग तेल घालून बघितलं. मिस्टर दर उन्हाळ्यात ते करायचे आणि मी टॉर्च धरायचे, त्यामुळे रीत माहीत होती. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद नखानं सोडवायचा, आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, कागद परत चिकटवायचा. चार दिवस बरा चालला आणि मग आधीपेक्षा वाईट. त्यात सामूहिक विवाहाची पत्रिका आली, लांबलचक, नावांच्या रांगाच्या रांगा, आणि मशीन अर्ध्यातच गोठायचं. जोडपी पुन्हा पहिल्यापासून लावताना एकीचा नवरा दुसरीला लागता लागता राहिला. तेव्हा मी हात टेकले. एक चादर घेतली, डबा त्यात बांधला आणि यवतमाळची बस पकडली.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला सामानाचं तिकीट लागते. मी म्हटलं, मांडीवर हाय, सीटवर नाही. तो म्हणाला मांडीवर लेकरू अस्ते. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, जाऊ दे ना रे बाप्पा. तिकीट काढलंच शेवटी.

यवतमाळच्या दुकानातल्या माणसानं डबा उघडला आणि आत टॉर्च मारून लगेच विचारलं, "कुलरसमोर ठेवत होते का?"

ठेवत होतो. आमच्याकडे कुणाला विचारा, मशीन तापलं तर काय करता, तर उत्तर एकच, कुलर लावा. मिस्टर उन्हाळाभर डब्याची बाजू उघडून कुलरचं तोंड त्याच्याकडे करायचे आणि स्वतः बाजूला घामानं निथळत बसायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायचे, कुलर माणसासाठी असतो का डब्यासाठी? ते म्हणायचे, आपन सहन करतो, त्याले सांगता येत नाही. आणि ते गेल्यावर मीही तसाच लावत होते, रोज, विचार न करता.

दुकानदारानं छोटा पंखा खोलून टेबलावर ठेवला. पात्यांवर कुलरमधल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार जमलेले, केटलीच्या बुडाला जमतात तसे. पंख्याखाली जिथून वारा जायचा तिथे जाड, मळकट, दाबून बसलेला थर. तो त्यानं चिमट्यानं ओढला तर अखंड बाहेर आला. कापूस होता. समोरच्या जिनिंगचा, हवेत उडणारा, कुलरच्या गवतात अडकून ओला होऊन आत गेलेला, किती हंगामांचा कोण जाणे.

"आपल्याकडचे सगळे बोर्ड असेच येतात," तो म्हणाला. "कोरड्या हवेत ठेवलं असतं तं हा पंखा आनखी चालला असता. कुलरनं मारला याले."

म्हणजे मिस्टरांच्या काळजीनंच तो मेला होता. मला ते कळलं, पण दुखलं नाही. मी त्या कापसाच्या थराकडे बघत होते आणि डोक्यात एवढंच होतं की परतीची बस चुकायला नको.

तसल्या मापाचा दुसरा पंखा मिळेल का विचारलं. त्यानं खोके उचकले. होते ते सगळे प्रोसेसरचे, मोठे. मोठा बसवावा तर वर चित्राचं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आडवं येतं, त्याच्याखाली जागा नाही. भोकंही जुळत नव्हती. मग नुसता बोर्ड बदलायचा म्हटलं तर तो म्हणाला, बोर्ड बदलला की प्रोसेसर नवा, जुनी रॅम बसत नाही म्हणून रॅम नवी, आणि ती सगळी ओढायला पॉवर सप्लाय नवा. एका बिस्किटाएवढ्या पंख्यापायी सगळं घर उचलायचं. राहणार होती ती फक्त हार्ड डिस्क, आणि मला तेवढीच पाहिजे होती. सगळी कामं त्यात होती.

त्यानं दोन बोर्ड पुढे ठेवले. एक महागाचा, चकचकीत, त्याच्यावर पुन्हा तसलाच छोटा पंखा, निळ्या दिव्याचा. दुसरा साधा. त्याच्या चिपवर पंखा नव्हता, नुसता पत्र्याच्या पट्ट्यांचा ठोकळा.

"पंखेवाला घ्या ताई, थंड राह्यते," तो म्हणाला.

"ज्यात हलनारं काही नाही तो द्या," मी म्हटलं.

तो हसला. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. जे फिरतं ते कधी ना कधी थांबतं, आणि मग आपण काडी घेऊन बसायचं, एवढं मला पुरेसं कळलं होतं. हिवाळ्यातल्या कामाचे पैसे साठवलेले होते ते त्याच्या हातात ठेवले. जुना बोर्ड त्यानं ठेवून घेतला. पंखाही कचऱ्याच्या खोक्यात टाकायला निघाला तेव्हा मी म्हटलं, तो द्या इकडे. कायले पाहिजे, त्यानं विचारलं. माझा आहे म्हणून, मी म्हटलं. त्यानं पात्यांवरचे क्षार ब्रशनं झाडले, तेलाचा थेंब सोडला आणि कागदात गुंडाळून दिला. वायर लांब ठेवली होती त्यानं, ते मी नंतर बघितलं.

नवं मशीन चालू केलं तेव्हा मला आधी वाटलं लाइटच आली नाही. मोठा पंखा होता, पण तो संथ, कान लावला तर ऐकू येईल असा. सामूहिक विवाहाची पत्रिका एका बैठकीत पुरी झाली, सगळ्या नवऱ्या ज्याच्या त्याला लागल्या. इतकी वर्षं जिच्यासाठी भांडले ती शांतता मिळाली होती. बरं वाटलं असं नाही म्हणणार. त्रास झाला नाही, इतकंच.

दुपारी काठीचा आवाज आला. पायरीपाशी थांबला. मामाजी बसले नाहीत.

"बंद पडलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी, चालू हाय. नवं आनलं ना कालच्याले, तुमाले सांगतलं मी."

"आवाज कुठं हाय?"

"याले आवाजच नाही."

ते उभेच राहिले. मग मिस्टर गेल्यापासून पहिल्यांदा ते पायरी चढून आत आले, भिंत चाचपत. मी त्यांचा हात धरून डब्यावर ठेवला. डबा किंचित थरथरत होता, कोमट होता. त्यांनी हात तिथेच ठेवला.

"तो आवाज होता तवर मले वाटे, आतमंदी तोच बसेल हाय," ते म्हणाले. "तू हो म्हने, पन मी तुले नव्हतो पुसत."

आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसं, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

मला राग आला. इतक्या महिन्यांत मला जाणवलेली ती पहिली गोष्ट, म्हणून मी ती लगेच ओळखली. भयंकर राग आला. मी कार्ड जुळवलं, मी फोटोवरचा माझा हात पुसला, मी चादरीत डबा बांधून यवतमाळला गेले, आणि रडायला यांना एक पंखा बंद झालेला पुरतो. आणि रोज जो प्रश्न मला विचारलेला वाटायचा, तो मला नव्हताच. मी म्हटलं, "तुमीच तं खोली द्याचं म्हनून राह्यले होते. मंग आता कायले रडता?"

"आवाज कवातरी बंद पडनारच होता, मंग म्या त्या पायरीवर बसून काय करू," ते म्हणाले. "म्हनून म्हनलं होतं."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग रागातच कागदातला पंखा काढला. नव्या बोर्डाच्या कोपऱ्यात पंख्याच्या वायरीसाठी एक जागा मोकळी होती. वायर तिथे खोचली. चिपवर बसवता येत नव्हता, म्हणून डब्याच्या आतल्या पत्र्यालाच दोन स्क्रूनं आवळला. तिथे गार करण्यासारखं काहीच नव्हतं, नुसता पत्रा. बटण दाबलं. थरथरला. टेबलावर काडी होतीच, धक्का दिला. किर्रर्र.

मामाजींनी मान तिरकी केली. जिनिंगमध्ये कापूस संपला तरी मशीन फिरत राहिलं की ते लांबून सांगायचे, तो खाली चालून राह्यला. तसंच ऐकत राहिले.

"रिकामा फिरून राह्यला हा," ते म्हणाले.

"हो."

"फिरू दे," ते म्हणाले आणि काठी उचलून पायरीवर जाऊन बसले.

मृगाच्या आधी तो बियाणांचा दुकानदार आला. हातात मोजपट्टी होती, म्हणजे बोलणं झालंच आहे असं धरून आला होता. मी आत होते. त्या दिवशी काम एकही नव्हतं. लग्नं संपली होती, लोक पेरणीच्या मागे, पडदा कोरा. तो पायरीखालून मामाजींना म्हणाला, काका, आजच माप घेऊन टाकतो, माल येऊन पडला आहे.

"खोली खाली नाही," मामाजी म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणाले होते मृगापर्यंत."

"काम चालू हाय आतमंदी. सून काम करून राह्यली माही. ऐकू येत नाही काय तुमाले?"

तो ऐकायला थांबला असावा. मी कळफलकावर हात ठेवून बसले होते आणि पंखा पत्र्याला वारा घालत होता. मग त्याची गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि तो गेला.

"चालू हाय ना वं?" मामाजींनी विचारलं, आणि या खेपेला माझं नाव घेऊन विचारलं.

मला हो म्हणता येईना. मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते. पंख्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू गेलं नसेल. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.